रॉकच्या सोलोत जॅझ आणताय? या चुका टाळा

आमच्या आर्वीकडच्या गावांत इलेक्ट्रिक गिटार ऐकू येते ती गणपतीत, शारदोत्सवात आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. कापसाचे चुकारे झाले की एखाद-दुसरं पोरगं नवी गिटार घेऊन माझ्याकडे येतं, आणि वर्षभरात त्याची फर्माईश ठरलेली: "सर, पेंटॅटॉनिकचा, त्या पाच सुरांच्या स्केलचा, कंटाळा आला. जॅझचे स्केल सांगा ना."

चुकीला इथूनच सुरुवात होते. दहा स्केलची नावं घोकलेला मुलगा खालची कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे सूर, बदलली तरी आपल्याच तंद्रीत असतो. जॅझवाल्याचा कान त्या कॉर्डवर असतो. ए सेव्हनच्या ब्लूजवर करून बघा. तिसऱ्या तारेचा सहावा फ्रेट आणि दुसरीचा आठवा, म्हणजे सी शार्प आणि जी, एकत्र वाजवा. डी सेव्हन आली की दोन्ही बोटं फक्त एकेक फ्रेट मागे: पाच आणि सात, म्हणजे सी आणि एफ शार्प. ई सेव्हनला सात आणि नऊ. बेसवाला आलेला नसला तरी एवढ्या दोन सुरांत कॉर्ड ओळखू येते. मी आठवडाभर एवढंच वाजवून घेतो. निम्मी पोरं कंटाळून पळतात. जी टिकतात त्यांची तीच जुनी पेंटॅटॉनिक वेगळी वाजायला लागते, कारण डी सेव्हन आली की एफ शार्पवर उतरायचं हे बोटांना कळलेलं असतं.

उतरण्यातही गोम आहे. सी शार्पवर यायचं तर आधी वरचा डी, मग खालचा सी, मग सी शार्प, ही जॅझची नेहमीची वाट. यातला सी मात्रेवर पडला आणि सी शार्प मागे राहिला की ऐकणारा म्हणणार, पोरगं चुकलं. अशा वेळी सूर बदलू नका. तेच तीन सूर अर्धी मात्रा अलीकडे-पलीकडे सरकवून बघा.

आता श्वास. जॅझ गिटारवाला चार्ली ख्रिश्चन १९३९ साली क्लॅरोनेटवाल्या बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि सॅक्सोफोनवाल्यासारख्या लांब ओळी गिटारवर वाजवू लागला. १९४२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो गेलासुद्धा. पण त्या ओळींची लांबी छातीतल्या हवेवर ठरलेली असते, हे मला कुठल्याच रेकॉर्डवरून उमगलं नव्हतं. वरातीच्या बँडमधले एक क्लॅरोनेटवाले काका माझा सोलो ऐकून म्हणाले, "काऊन रे बाबू, तू श्वास घेतच नाही काय?" तेव्हापासून वाजवताना मी ओळ तोंडाने गुणगुणतो. हवा संपली की बोटं थांबली पाहिजेत. आधी फार जड जातं.

उलट टोकाची चूक म्हणजे जिथे कॉर्ड फारशी बदलतच नाही तिथे बीबॉपची, म्हणजे वेगवान जॅझची, पळापळ. द डोअर्स या रॉक बँडच्या 'लाइट माय फायर'मधला १९६७ चा सोलो ए मायनर आणि बी मायनर या दोनच कॉर्डवर फिरतो. ती कल्पना जॅझ सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या संगीतातून आलेली. रॉक गिटारवाला ड्वेन ऑलमनही कोल्ट्रेन आणि जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस यांचा भक्त होता. या दोन कॉर्डवर बसणाऱ्या डोरियन स्केलचं नाव ऐकून पोरं दचकतात. खंजिरी भजनाच्या पेटीवाल्याला विचारा: गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट. ए ला सा धरलं तर शुद्ध धैवत एफ शार्पवर येतो. बी मायनर वाजत असताना तिथे जरा रेंगाळा.

ड्रमवाला सरळ रॉक ठोकत असताना एकट्याने स्विंगचा, म्हणजे जॅझच्या लांब-आखूड लयीचा, झोका घेऊ नका. लय सोडल्यासारखं वाटतं.

सूर बरोबर असूनही चिखल ऐकू येत असेल तर ड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारं डिस्टॉर्शन, जास्त आहे. वर सांगितलेली सहा-आठची जोडी पूर्ण डिस्टॉर्शनवर नुसती गुरगुरते. पेडलला हात लावू नका, गिटारचाच व्हॉल्यूम दहावरून पाच-सहावर आणा.

मंडपातली घरघर मात्र बहुतेक वेळा अर्थिंगची असते. प्लगची तिसरी पिन काढून टाकून ती घालवणारे वीर आमच्याकडे आहेत. त्यांच्या स्टेजवर गिटार गळ्यात असताना मी शॉकच्या भीतीने माइकला ओठ लावत नाही.