वॉरफरिनचा डोस: जीन रिपोर्ट हातात आल्यावर

रुमॅटिक आजाराने हृदयाची मायट्रल झडप आकसलेली आणि सोबत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवायला वॉरफरिनच्या गटातलीच गोळी लागते. २०२२च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारोक्साबॅन हे रक्त पातळ करणारं नवं औषध तिथे कमी पडलं. नागपूरला मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवून रुग्ण दूर गडचिरोलीतल्या भामरागडला परतला की पुढचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी; आकडा जास्त तर रक्त जास्त पातळ) लवकर होत नाही. म्हणून सर्रास ५ मिग्रॅ न लिहिता डोस हिशेबाने काढा.

वय, उंची, वजन, चालू औषधं लिहून घ्या. यकृत, थायरॉइड, अल्ब्युमिन आणि सुरुवातीचा आयएनआर तपासा. मग २००९चं आयडब्ल्यूपीसी सूत्र (वॉरफरिन आणि जीन यांवरच्या आंतरराष्ट्रीय गटाचं) वापरा. ते आठवड्याचा डोस देतं. समजा बाई ४२ वर्षांची, १५२ सेंमी, ४५ किलो. रिपोर्टमध्ये दोन जीन असतात: व्हीकेओआरसी१, म्हणजे वॉरफरिन ज्यावर काम करतं तो, आणि सीवायपी२सी९, म्हणजे वॉरफरिन शरीरातून काढणारा. व्हीकेओआरसी१ जीजी आणि सीवायपी२सी९ *१/*१ असेल तर आठवड्याला साधारण ४० मिग्रॅ. एजी आणि *१/*३ असेल तर २१ (ए आणि *३ हे कमी डोसवाले प्रकार). त्यावर ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन चालू असेल तर १६! अशा बाईला रोज ५ म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त.

रिपोर्ट वाचताना एक घोळ हमखास होतो. व्हीकेओआरसी१ काही लॅब सी/टी असं छापतात; तिथला टी म्हणजेच आपला ए, कमी डोसवाला. दुसरा घोळ: हे सूत्र वॉरफरिनचं आहे, त्याचा आकडा त्याच गटातल्या असिनोकुमारॉलला लावू नका. आणि रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवू नका, त्याच सूत्राची जीनशिवायची आवृत्ती आहे.

*३ असलेल्यांत औषध हळू निघतं, त्यामुळे आयएनआर स्थिरावायला दोन-तीन आठवडेही लागतात. चौथ्या दिवशी १.६ दिसला म्हणून डोस वाढवला, की पुढच्या आठवड्यात तो ५ वर गेलेला सापडतो. बदल आठवड्याच्या एकूण डोसच्या ५ ते २० टक्केच करा.

जीन एकदाच कळतो, बाकी सगळं बदलत राहतं. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं की डोस दुप्पट किंवा त्याहूनही जास्त लागू शकतो; ते बंद झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत आयएनआर चढतो, आणि नेमकं तेव्हाच कुणी तपासत नाही. कोट्रायमोक्साझोल, मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल यांपैकी जंतू-बुरशीवरचं कुठलंही औषध दिलं तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर बघाच. हिवाळ्यात सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर), मेथी, पालक जोरात असतात. सांबारात व्हिटॅमिन के भरपूर, आयएनआर उतरतो. पालेभाजी बंद करू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवायला सांगा. मे महिन्यात जुलाब, जेवण तुटलं, की उलट होतं.

चिठ्ठीवर ‘अर्धी गोळी’ न लिहिता मिग्रॅ आणि वार लिहा. आठवड्याचे १६ मिग्रॅ असे: बुधवारी आणि रविवारी ३, बाकी पाच दिवस २.