निसर्ग, काळ, पुन्हा उमलणं वगैरे विषयावर ऑइलमध्ये सिरीज करताय? या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या केल्यात)

गेली दोन-अडीच वर्षं मी एकाच काटेसावरीच्या मागे आहे. पुण्यात एआरएआय या संस्थेच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला लागलं की थोडं आत एक झाड आहे, त्याची फुलं, बोंडं, उडणारा कापूस, मग पालवी, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं ना? तरी त्यात सहा कॅनव्हास वाया गेले आणि एक प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं. ओळखीतली दोन-तीन जणं सध्या अशाच सिरीजच्या तयारीत आहेत आणि तेच खड्डे खणतायत जे मी खणले होते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे विषय मोठा घ्यायचा आणि वस्तू ठरवायचीच नाही. मी सुरुवात केली तेव्हा डोक्यात ‘काळ’ होता, मग एक पळस, एक वडाची पारंबी, एक शिंपला, एक मुठेकाठचा गोटा असं करत बारा कॅनव्हास झाले आणि भिंतीला लावून बघितले तर सहकारी बँकेचं कॅलेंडर. प्रत्येक चित्र वेगळं, त्यामुळे काळ कुठेच दिसत नाही. काळ दिसायला काहीतरी तेच राहावं लागतं. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ मध्ये शेतातल्या गंज्या रंगवल्या, साधारण पंचवीस कॅनव्हास, आणि मे १८९१ मध्ये पॅरिसला त्यातली पंधरा एकत्र लावली. गंजी तीच, बदलतो तो उजेड आणि ऋतू. तेव्हा एक झाड, एक बी, एक फांदी घ्या आणि कंटाळा आला तरी सोडू नका. कंटाळा साधारण चौथ्या चित्राला येतो आणि पाचव्यापासून जरा बरं दिसायला लागतं, निदान माझं तरी तसं झालं.

फोनवरून रंगवणं

फोटो काढा, नाही कोण म्हणतंय, पण सावरीचं लाल फूल फोनमध्ये इतकं भडक येतं की पाकळीचा मेणचट जाडपणा दिसतच नाही आणि सावल्या तर नुसत्या काळ्या. मी पहिली तीन चित्रं फोटोवरून केली, तिन्ही प्लॅस्टिकच्या फुलांसारखी झाली. आता छोटी वही नेतो, तारीख-वेळ लिहितो, दोन रंग कागदावर लावून बघतो आणि खाली पडलेलं फूल किंवा बोंड उचलून घरी आणतो (पाडत नाही, झाडावरचं पळसमैनांचं आणि कावळ्यांचं आहे). फूल घरात दोन दिवसांत तपकिरी पडतं. तेही रंगवा, काळ म्हणतात तो तुमच्या टेबलावरच चाललाय की.

बोंडाची मात्र एक गंमत सांगतो. एप्रिलमध्ये एक बंद बोंड आणून खिडकीत ठेवलं, बोटभर लांब, चॉकलेटी, लाकडासारखं कडक. शेजारी इझलवर ओला कॅनव्हास आणि वर पंखा फुल स्पीडला. सकाळी बघतो तर बोंड पाच फाकांत उकललेलं, आतला रेशमी कापूस खोलीभर, काळ्या मिरीएवढ्या बिया फरशीवर, आणि कॅनव्हासवर तर कापूस असा चिकटलाय जसं चित्राला म्हातारपण आलंय. मी चिमटा घेऊन एकेक तंतू उपटत बसलो, हीच चूक. अर्धवट वाळलेल्या रंगातून तंतू ओढला की वरची साय फाटते आणि खालचा चिकट रंग वर येतो. रंग पूर्ण ओला असेल तर पॅलेट नाइफने तेवढा भाग सरळ खरवडून पुन्हा लावा, साय धरली असेल तर हात लावू नका, पूर्ण वाळू द्या, मग बोटाने चोळलं की बरेचसे तंतू निघतात आणि उरलेले ब्लेडने हलकेच काढता येतात.

प्रदर्शनाच्या तारखेला घाबरून थर चढवणं

यातच माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं. बालगंधर्वचं कलादालन मिळालं, तारीख हातात आली, आणि मी खोडाची काळी-करडी सावली आयव्हरी ब्लॅकने जाड लावून चार दिवसांत तिच्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग फिरवला. दोन महिन्यांत खोडावर तडे. बघणारे म्हणाले वा काय टेक्श्चर आणलंय! कसलं टेक्श्चर, चूक होती ती.

ऑइल कलर पाणी उडतं तसा वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याला त्याचा वेळ लागतो. खालच्या थरात तेल जास्त असलं तर तो सावकाश घट्ट होतो, हलत राहतो, आणि वरचा कमी तेलाचा थर आधीच ताठ होऊन बसतो, मग तो फाटणारच. म्हणून खाली कमी तेल, वर जास्त तेल, हा नियम. पाठ सगळ्यांना असतो, घाईत विसरतात सगळे. त्यात रंगारंगाचा स्वभाव वेगळा, मातकट तपकिरी अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियमचे लाल-पिवळे रेंगाळतात, टायटॅनियम व्हाइटही फार घाई करत नाही. अंडरपेंटिंग, म्हणजे सगळ्यात खालचा थर, अंबर-सिएनासारख्या मातीच्या रंगांनी पातळ करा म्हणजे अर्धी डोकेदुखी तिथेच संपते. घाई असेलच तर रंगात मिसळायची लवकर वाळणारी अल्किड मेडियम आहेत, पण मग खालच्या थरापासून वापरा. थर वाळलाय का बघायला कोपऱ्यात हलकेच नख दाबा, खूण उमटली तर थांबा. पावसाळ्यात तर दुप्पट धीर धरा, त्या दिवसांत मी नवीन सुरू करतो, जुन्यावर चढवत नाही.

तडे गेलेलं चित्र वरून रंग भरून दुरुस्त होत नाही, ते खालून हलतंय. मी दोन खरवडून टाकली, एक ठेवलंय, लाज वाटायला.

आणि हो, तेल. एकाने लाकडी घाण्याचं जवसाचं तेल आणलं, स्वस्त आणि शुद्ध म्हणून. खायला शुद्ध, चित्राला नाही, त्यातला गाळ आणि चिकट भाग काढलेला नसतो, जास्त पिवळं पडतं. करडईचं तेल चित्रकलेत वापरतात हे खरंय, पांढऱ्या रंगात बरं, कमी पिवळं पडतं, पण ते आर्टच्या दुकानातलं. किराणातल्या रिफाइंड तेलात खवट होऊ नये म्हणून काही वेळा अँटिऑक्सिडंट घातलेले असतात, म्हणजे तेल हवेशी जी क्रिया करावी असं आपल्याला वाटतं तीच थांबवायची सोय. शेंगदाणा तेलाचं तर बोलूच नका, ते वाळतच नाही.

नवी पालवी म्हणजे हिरवी, हा गैरसमज

पुण्यात फाल्गुन-चैत्रात डोकं वर करून बघा. पिंपळाची कोवळी पानं तांबूस गुलाबी, कडुनिंबाची तांबूस, आंब्याची तर जवळजवळ चॉकलेटी आणि लोंबकळणारी. हिरवा फुटतो तो करंज, आणि तोही असा पोपटी चमकदार की ट्यूबमधल्या सॅप ग्रीनने येणारच नाही, लेमन येलोत किंचित निळा टाकून मिसळावा लागतो. ‘नवं आयुष्य’ दाखवायचं म्हणून सगळे सरसकट हिरवा ओततात, तिथेच चित्र शाळेतल्या पर्यावरण दिनाचं होतं.

त्या तांबूस गुलाबीसाठी हात आपोआप अलिझरिन क्रिमसनकडे जातो. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा नंबर असतो, तो पीआर ८३ असेल तर परत ठेवा, पातळ लावला की उजेडात उडतो. पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन घ्या. व्हॅन गॉगने फेब्रुवारी १८९० मध्ये नुकत्याच जन्मलेल्या पुतण्यासाठी बदामाचा मोहर रंगवला, तो आज आपल्याला पांढरा दिसतो, पण मुळात जास्त गुलाबी होता, लाल रंग उडालाय. त्याच्या ‘बेडरूम’ या चित्रातल्या भिंतीही आता निळ्या दिसतात, पत्रात मात्र त्याने फिकट जांभळ्या म्हटलंय. नव्या जन्माचं चित्र आणि त्यातला जन्माचाच रंग गेला. खात्री करायची असेल तर कागदावर पट्ट्या ओढा, अर्ध्या पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या गॅलरीत दोन-तीन महिने ठेवा, फरक डोळ्यांनी दिसतो.

कुठेकुठे चित्र वाळल्यावर गडद भाग मेल्यासारखे मॅट दिसतात, बाकीचं चमकतं. घाबरू नका आणि त्यावर पुन्हा रंग तर अजिबात चढवू नका, तेल खालच्या थरात शोषलं गेलंय एवढंच. नीट वाळलेल्या चित्रावर तेल आणि टर्पेंटाइनचं अगदी पातळ मिश्रण फडक्याने लावा आणि लगेच जवळजवळ सगळं पुसून घ्या, रंग परत जागा होतो.

ते फडकं मात्र चुरगळून डब्यात फेकू नका!! जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, खरंच. पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, किंवा बाहेर सुटं पसरून पूर्ण वाळवा आणि मगच फेका.

जुलै-ऑगस्टचं काय करायचं

कॅनव्हास भिंतीला टेकवून एकावर एक रचले की मागून बुरशी. माझ्या सदाशिव पेठेतल्या खोलीत गणपतीपर्यंत पाठीवर करडे ठिपके यायचेच. भिंत आणि चित्र यांत लाकडी पट्टी टाका, हवा खेळू द्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. तोंडाला मास्क लावून सावलीत वाऱ्यावर आधी वाळवा, मग मऊ ब्रशने झाडा, पुढच्या बाजूला आली असेल तर जाणकाराला दाखवा. अंधारात बरेच महिने ठेवलेली चित्रं थोडी पिवळी झालेली दिसतील, ती उजेडात (थेट उन्हात नाही) ठेवली की बरीचशी निवळतात.

व्हार्निश पावसाळ्यात लावूच नका, दमटपणात त्यावर धुरकट पांढरी साय येते. शिवाय पातळ चित्रालाही सहा महिने, जाडाला वर्ष तरी द्यायला हवं. माझी कापूस उडालेली चार चित्रं अजून तशीच उभी आहेत, त्यातल्या एकात पांढऱ्या भागात नख अजून रुततंय, दिवाळीनंतर बघू.