स्पीडवे रायडर दुसऱ्या महायुद्धात पायलट झाला, त्याचं आयुष्य कसं शोधून काढायचं

पहिल्यांदा बघा की माणूस ऑस्ट्रेलियाचा की इंग्लंडचा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. ब्रेक नसलेली बाइक, गोल ट्रॅक, वळणावर डावा पाय टेकवून मागचं चाक सरकवत न्यायचं, हा स्पीडवेचा खेळ १९२३ ला ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंडला सुरू झाला असं धरतात (यावर भांडणारे आहेतच), आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनजवळ हाय बीचला रेस झाली तेव्हापासून इंग्लंडही वेडं झालं. मग ऑस्ट्रेलियन पोरं सीझनला बोटीने इंग्लंडला जायची आणि तिकडे थंडी पडली की परत, त्यामुळे एकाच माणसाच्या बातम्या दोन्ही देशांच्या पेपरात शोधाव्या लागतात.

ऑस्ट्रेलियाचे जुने पेपर 'ट्रोव्ह' या तिकडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वेबसाइटवर फुकट आहेत, तिथूनच सुरुवात करा. पण टोपणनावांनी डोकं फिरतं, ब्लूई विल्किन्सन या ऑस्ट्रेलियन रायडरचं खरं नाव आर्थर, सरकारी कागदात ब्लूई शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही. म्हणून आधी खरं नाव आणि जन्मतारीख पक्की करा.

पेपरवर लगेच विश्वास ठेवू नका. १९३६ ची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप घ्या, वेम्बलीच्या फायनलला विल्किन्सनने त्याच्या सगळ्या हीट (छोट्या रेस) जिंकल्या, नुसतं त्या रात्रीचं वाचलं तर वाटणार हाच चॅम्पियन! पण आधीच्या फेऱ्यांचे बोनस पॉइंट धरायचे होते, ते धरून लायनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँगटन बरोबरीत आले, त्यांच्यात वेगळी रेस झाली, व्हॅन प्राग जिंकला आणि विल्किन्सन तिसरा. नियम काहीच्या काही होता, पण निकाल तोच.

आता युद्धाचा भाग, इथे सर्व्हिस नंबर मिळवा, एकाच नावाची दहा माणसं असली तरी नंबर प्रत्येकाचा वेगळा. ऑस्ट्रेलियन वायुदलाच्या फाइल तिकडच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत, अधिकारी असेल तर ए९३०० सिरीज, बाकीचे ए९३०१. आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश वायुदलाच्या, स्क्वाड्रनची (तुकडीची) रोजची नोंदवही लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये एअर २७ (AIR 27) या सिरीजखाली मिळते, त्यात फॉर्म ५४० म्हणजे दिवसभरात काय झालं आणि ५४१ मध्ये कोण कुठल्या विमानातून गेलं, तुम्हाला खरं काम ५४१ शीच आहे. नाव नाही सापडलं तर स्क्वाड्रन चुकलं असेल, किंवा तो ग्राउंड क्रूमध्ये असेल, इंजिन खोलता येणाऱ्या माणसाला तिथे मागणी असायचीच.

मेडल मिळालं असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन बघा. व्हॅन प्रागचंच बघा ना, जानेवारी १९४२ मध्ये सुंबा सामुद्रधुनीवर जपान्यांनी त्याचं विमान पाडलं, जखमी साथीदारांना त्याने तासन्‌तास पाण्यावर तरंगत ठेवलं आणि त्यासाठी जॉर्ज मेडल हे शौर्यपदक मिळालं. असा किस्सा दर सांगणाऱ्यागणिक फुगत जातो, म्हणून तारीख, जागा आणि विमानात कोण कोण होतं एवढं अधिकृत कागदावरून घ्या आणि बाकीचं लिहिताना कुठल्या पेपरात आलंय ते सोबत टाका.