रोजच्या विवंचनांत विलापस्तोत्रांच्या आधारे प्रार्थना कशी करावी

घरावरील कर्जाचे हप्ते, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा, वडिलोपार्जित जमिनीवरून भावाशी धरलेला अबोला, नोकरीतील टांगती तलवार अशा गोष्टींनी ख्रिस्ती माणसाचे दिवसही इतरांसारखेच व्यापलेले असतात. मात्र त्याच्या प्रार्थनेत त्या क्वचितच जशाच्या तशा उतरतात. उपकारस्तुती, पापांची क्षमा आणि आजाऱ्यांसाठी विनंती एवढे झाले की ‘आमेन’ म्हणून आपण उठतो. प्रार्थनासभेत दिल्या जाणाऱ्या साक्षींमध्ये, म्हणजे देवाच्या कृपेच्या अनुभवकथनांत, तर संकट बहुधा भूतकाळातलेच असते, आणि ज्याचे संकट अजून सरलेले नाही त्याला आपल्या विश्वासातच काही खोट असावी अशी शंका येऊ लागते. बायबलमधील स्तोत्रसंहितेची रीत निराळी आहे. तिच्या 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे फार मोठ्या संख्येने आहेत, आणि न सुटलेले दुःख देवापुढे कसे मांडावे हे ती शिकवतात. गाऱ्हाणे गिळून टाकणाऱ्यापेक्षा ते देवाकडे नेणाऱ्याचा विश्वास अधिक खोल मुरतो, असे माझे मत आहे. पुढील पद्धत त्याच आधारावर सुचवली आहे.

आरंभ 13 व्या स्तोत्रापासून करावा. ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे आणि त्याची रचना सहज ध्यानात राहते. पहिल्या दोन ओव्यांत गाऱ्हाणे आहे: देव आपल्याला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, असा प्रश्न तेथे चार वेळा विचारला आहे. पुढील दोन ओव्यांत मागणे आहे आणि शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. हे स्तोत्र आठवडाभर रोज एकदा, शक्यतो एकाच वेळी आणि मोठ्याने वाचावे. घरात एकांत मिळत नसेल तर गच्चीवर जावे किंवा ओठांतल्या ओठांत म्हणावे, परंतु केवळ डोळ्यांखालून घालू नये, कारण जे शब्द आपण स्वतःहून देवाला ऐकवण्यास धजलो नसतो ते उच्चारताना आपण किती काळ काय दाबून ठेवले होते हे आपल्याच ध्यानात येते.

दोन-तीन दिवसांनी एक साधी वही घेऊन त्याच तीन भागांत स्वतःची प्रार्थना लिहावी. पहिल्या भागावर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण घाई तेथेच होते. ‘प्रभू, माझ्या अडचणी तुला ठाऊक आहेत’ हे वाक्य खरे असले तरी त्यात आपण काहीच सांगितलेले नसते. त्याऐवजी पगार कधी झाला, हप्ता कधी कापला गेला, भावाने लग्नाच्या मांडवात कोणत्या शब्दांत अपमान केला, रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना सासऱ्यांविषयी मनात कोणता विचार येऊन गेला, हे सारे लिहावे. देवाचा राग आला असल्यास तोही लिहावा. 73 व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ दुष्टांची भरभराट पाहून आपण त्यांचा हेवा केला आणि आपले मन शुद्ध राखणे व्यर्थ गेले, असे स्पष्ट कबूल करतो. त्याची दृष्टी देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर बदलते, परंतु आधीच्या ओव्या त्यामुळे पुसून टाकलेल्या नाहीत. ज्यांना सूडाची भाषा अस्वस्थ करते त्यांनी 109 वे स्तोत्र वाचून पाहावे. तेथील कठोर शब्द देवाच्या कानी घातलेले आहेत आणि न्याय त्याच्याकडे सोपवलेला आहे. ते शत्रूला व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासाठी नाहीत.

मराठी मनाला हे परके वाटण्याचे कारण नाही. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला जाब विचारणारे तुकोबांचे अभंग आपल्या कानांवरून गेलेले असतात, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते. त्यांची भक्तिगीते गाणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांत गाऱ्हाण्याचा सूर ऐकून कोणी दचकू नये.

मागणे लिहिताना ते नेमके असावे आणि तेच पुन्हा मागण्यास संकोचू नये. गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्या वेळी प्रार्थना केली तीही त्याच शब्दांत केली, असे शुभवर्तमानकार मत्तय नोंदवतो. दुःखाचा प्याला टळावा ही इच्छा त्याने लपवली नाही आणि पित्याच्या इच्छेला वगळलेही नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे त्याला सतत छळणारी व्यथा, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मात्र मिळाले. म्हणून मागितलेले मिळण्यावरून आपल्या विश्वासाचे मोजमाप करू नये.

भरवशाचा भाग ओढूनताणून लिहू नये. एखाद्या दिवशी तो येत नसेल तर जागा रिकामी सोडावी आणि 88 वे स्तोत्र वाचावे. हेमान एज्राहीच्या नावावरील हे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी कोणतेही आनंदगान नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. क्रूसावर येशूच्या तोंडून निघालेले शब्दही 22 व्या स्तोत्राच्या आरंभीचे, म्हणजे ‘तू माझा त्याग का केलास’ असे विचारणारे होते. ज्याला आज एवढेच म्हणता येते, त्याची प्रार्थना पूर्ण झाली असे समजावे.

वही मिटण्यापूर्वी दिवसभरात करता येण्याजोगी एक लहान कृती खाली लिहावी: बँकेत जाऊन हप्त्यांची पुनर्रचना विचारणे, नणंदेला महिन्यातून काही दिवस वडिलांना सांभाळण्याची विनंती करणे, भावाला फोन करणे. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्यास मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे, तेव्हा प्रार्थनेच्या आडोशाने तो फोन टाळता येत नाही. काही दिवशी झोप हीच योग्य कृती असते. संदेष्टा एलीया जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा जागे करून भाकर आणि पाणी दिले, आणि मधल्या वेळात त्याला झोपू दिले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. घरात मारहाण होत असेल तर ती क्रूस म्हणून सोसत राहावी, असा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि तातडीच्या वेळी 112 वर फोन करावा. उदासी आठवड्यानुआठवडे हटत नसेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलावे, डॉक्टरांना भेटावे आणि औषधे लागल्यास घ्यावीत. त्यात अविश्वास नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी वहीची मागील पाने वाचावीत. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा अशी साखळी मांडतो. ही वाढ रोजच्या रोज जाणवत नाही, जुन्या पानांवर मात्र तिच्या खुणा सापडतात. ज्या गोष्टीवर पूर्वी दोन पाने भरत होती तिला आता दोन ओळी पुरतात, किंवा भावाविषयीच्या तक्रारीत प्रथमच त्याच्याही अडचणीचा उल्लेख आलेला असतो. कधी काहीच बदललेले दिसत नाही. तेव्हा वही एखाद्या विश्वासू माणसापुढे, पाळकांपुढे किंवा धर्मगुरूंपुढे उघडावी.

आणि दुसरा कोणी आपले गाऱ्हाणे घेऊन तुमच्याकडे आला तर बायबलमधील सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी आरंभी केले तेच करावे. ते सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी काही न बोलता बसले. दुःखाची कारणे सांगू लागल्यावर मात्र त्यांचे बिघडले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. ऐकून घ्यावे, घरी डबा पोहोचवावा, प्रार्थना केलेली चालेल का असे विचारावे. त्याची परवानगी घेतल्याशिवाय ती गोष्ट ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणून मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये.