पाकिटावर नाव घालण्याआधी

लग्नपत्रिकेची पाकिटं हातात घेण्याआधी निमंत्रितांची यादी वाचा. मोठ्याने वाचा, आणि घरातली दोन मोठी माणसं समोर बसवून वाचा. बाकीचं पुढे सांगतेच, पण हे सगळ्यात आधी, कारण माझ्याकडून हेच राहिलं होतं.

भावाच्या लग्नात पाकिटांचं काम माझ्याकडे होतं, अक्षर बरं म्हणून. सात वर्षांपूर्वी ताईच्या लग्नाला केलेली यादी वहीत होती. नावं, पत्ते, पिनकोड, सगळं तयार. ती वही समोर ठेवून मी तीन रात्रींत साडेतीनशे पाकिटं लिहिली. त्यात आईच्या मामेबहिणीचं पाकीट 'श्री. व सौ.' असं गेलं. मावशीचे यजमान त्याआधी आठ महिन्यांपूर्वी वारले होते. मी स्वतः भेटायला गेले होते, तिच्याशेजारी बसले होते. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हात वहीवरून चालत होता, लक्ष नव्हतं. मावशीचा आईला फोन आला तो अभिनंदनाचा. बोलता बोलता म्हणाली, "पत्रिका यांच्या फोटोपुढे ठेवलीये गं. नाव त्यांचंच आहे ना." ती रागावली असती तर मला माफी तरी मागता आली असती.

पत्रिकेच्या मजकुरात आजोबांच्या नावामागे 'कै.' पडलंय ना, हे आम्ही प्रूफ आल्यावर चार वेळा पाहिलं होतं. पाकिटावरची नावं कोणी एकदाही पाहिली नाहीत. आता चुलत बहिणीचं लग्न आहे आणि पाकिटं पुन्हा माझ्याकडे आलीत, म्हणून हे लिहून काढते आहे. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनाही उपयोगी पडेल.

तर यादी. जुनी यादी पत्त्यांसाठी वापरा, नावांसाठी वापरू नका. नावांची नवी यादी करा, भले हात दुखो. दोन मोठी माणसं बसवायची म्हणजे एक वडिलांच्या बाजूचं आणि एक आईच्या बाजूचं, कारण सासरच्या चुलत दिरांकडे काय घडलं हे आईच्या माहेरी कुणाला ठाऊक नसतं. एकेक नाव वाचायचं, थांबायचं आणि विचारायचं: दोघंही आहेत ना? एकत्र राहतात ना? तिथेच राहतात ना? मुलांची लग्नं होऊन वेगळी झालीत का? उत्तर मिळालं की नावासमोर पेन्सिलीने खूण. खूण नसलेल्या नावाचं पाकीट लिहायचं नाही. यादी एक्सेलमध्ये असेल आणि पत्त्याचे स्टिकर छापणार असाल तर हे दुप्पट काळजीने करा. हाताने लिहिताना निदान एखाद्या नावाशी थबकायची शक्यता तरी असते, प्रिंटर थबकत नाही.

घरात कोणी नुकतं गेलं असेल तर पत्रिका द्यायचीच. 'त्यांच्याकडे वर्ष झालं नाही, त्यांना कशाला' असं म्हणून नाव गाळणारे असतात, त्यांचं ऐकू नका. यायचं की नाही ते त्या घराने ठरवावं, आपण बोलवायचं काम करावं. विधवा बाईला मंगलकार्यातून बाजूला ठेवण्याविरुद्ध कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव केला, सरकारनेही तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. पाकिटावर तिचं नाव नीट, पूर्ण आणि पहिलं लिहिणं हे त्यातलं अगदी छोटं काम आहे, ते तरी करू या. अशा घरी पाकीट पोस्टाने टाकू नका. कुणीतरी जाऊन हातात द्या.

आता उपपदं. नवरा-बायको दोघं असतील तर 'श्री. व सौ.', त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी अडचण 'सौ.' लागत नाही तिथे येते. 'श्रीमती' हा शब्द तसा कोणत्याही प्रौढ बाईला चालतो, सरकारी कागदावर सर्रास असतो, पण आपल्याकडे घरगुती पाकिटावर तो वाचला की पुष्कळांना 'नवरा नाही' असंच ऐकू येतं. 'गं. भा.' तर आता लिहूच नये. आजीच्या पिढीत गंगाभागीरथी हे आदराने लिहिलं जायचं हे खरं, पण २०२३ मध्ये 'विधवा' शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरावा असा प्रस्ताव राज्यात चर्चेला आला तेव्हा किती बायकांनी नापसंती सांगितली ते आठवा. माझं मत विचाराल तर उपपद न लावता पूर्ण नाव लिहावं आणि पुढे 'यांस' घालावं. कुणाचं काही बिघडत नाही. घटस्फोटित, अविवाहित, एकटी राहणारी, सगळ्यांना हेच चालतं. चाळिशीच्या बाईला 'कु.' लावू नका. आणि जिने माहेरचं आडनाव ठेवलंय तिला नवऱ्याच्या आडनावात गुंडाळू नका. दोघांची नावं आपापल्या आडनावांसकट एकाखाली एक लिहायला अर्धा मिनिट जास्त लागतो.

पदव्यांचं सोपं आहे. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर दोघांनाही 'डॉ.' लावा, एकट्या नवऱ्याला नको. 'श्री. डॉ. अमुकराव साहेब' अशी चळत लावायची गरज नसते, एक मान पुरतो. 'तीर्थरूप' आणि 'तीर्थस्वरूप' ही पत्राच्या मायन्यातली माणसं, पहिलं आईवडिलांसाठी, दुसरं त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी. पाकिटावर साधं 'श्री.' चालतं. गुरुजींच्या पाकिटावर 'वे. मू.', म्हणजे वेदमूर्ती, लिहिलं तर त्यांना बरं वाटतं.

'सहकुटुंब सहपरिवार' हे शब्द लोक डोळे झाकून लिहितात. जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको. 'आमचं कुटुंब गावी गेलंय' असं पणजोबा म्हणायचे ते बायकोबद्दल. म्हणून सहकुटुंब म्हणजे पत्नीसह आणि सहपरिवार म्हणजे घरातल्या बाकीच्या सगळ्यांसह. आज कुणी इतकं फोडून वाचत नाही, पण हे शब्द लिहिलेत की घरातले सगळे आले, लहान मुलं, आजी, शिकायला राहिलेला भाचा, सगळे. कार्यालयाच्या ताटांचा आकडा त्यावरून धरा. ज्यांना दोघांनाच बोलवायचं त्यांच्या पाकिटावर दोघांचीच नावं लिहा आणि थांबा. 'समस्त अमुक परिवार' असं लिहिलंत तर तीन भावांचा वाडा येतो, आणि त्यांनी का येऊ नये?

इथेच दुसरी नेहमीची चूक. चूल वेगळी झाली की पत्रिका वेगळी. बापाच्या पाकिटात लग्न झालेल्या, वेगळ्या राहणाऱ्या मुलाला बसवलं की तो येत नाही, आणि का आला नाही हे सांगतही नाही. लग्न झालेल्या मुलीला बोलवायचं तर पाकीट तिच्या सासू-सासऱ्यांच्या नावाने, खाली तिचं आणि जावयाचं नाव. ती वेगळी राहत असेल तर सासरी एक आणि तिला एक. एका पत्रिकेचा खर्च वाचवायला जाऊ नका. आणि हे सगळं कळणार कुठून? पुन्हा तेच. दोन मोठी माणसं, मोठ्याने वाचन, पेन्सिलीची खूण. मला कंटाळा आला होता म्हणून मी ते टाळलं होतं, तुम्ही टाळू नका.

कागद आणि पेन. पत्रिका छापायला देतानाच पाकिटं जास्त मागा, शंभर पत्रिकांना एकशेदहा-पंधरा तरी. खाडाखोड केलेलं पाकीट कुणाच्याही हातात द्यायचं नाही, आणि चुका होतातच. चकचकीत किंवा सोनेरी कागदावर बॉलपेन उठत नाही आणि जेलची शाई पसरते, म्हणून आधी एका वाया गेलेल्या पाकिटावर पेन चालवून बघा, मिनिटभराने त्यावर बोट फिरवा. गडद मरून पाकिटावर सोनेरी पेनाने लिहिलेलं घरात दिव्याखाली छान दिसतं, पण जिन्यातल्या अंधारात पोस्टमनला वाचता येत नाही. पोस्टाने जाणाऱ्यांवर पांढरी पट्टी चिकटवा आणि काळ्या शाईने लिहा.

कुंकू शेवटी. आम्ही कोपऱ्याला आधी हळद-कुंकवाची बोटं लावून ठेवली होती आणि मग लिहायला बसलो. माझ्या तळहाताने ते ओलं कुंकू चाळीस पाकिटांवर फिरलं. आधी लिहा, सुकू द्या, मग कुंकू लावा, आणि तेही सुकेपर्यंत पाकिटं एकावर एक रचू नका. पहिलं पाकीट कुलदैवताचं, दुसरं ग्रामदैवताचं. पुण्याकडची घरं कसब्याच्या गणपतीला ठेवतात. ही दोन-तीन बाजूला लिहून ठेवा, देवळात जाताना ऐनवेळी शोधाशोध होते.

दारात उभं राहून, गाडीच्या बॉनेटवर पाकीट टेकवून नाव लिहू नका. समोरच्याला दिसतं की आपलं नाव आत्ता आठवलंय. एखादं घर वाटेत अचानक आठवलं तर गाडी पुढच्या वळणावर थांबवा, तिथे लिहा आणि मग परत या. लिहिताना मागच्या सीटवरच्या आईला विचारा, दोघंही आहेत ना? हो, पुन्हा तोच प्रश्न, घाईतही. घाईत तर जास्तच.

पोस्टाचं थोडक्यात. पिनकोडशिवाय पाकीट टाकू नका. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू आहे आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने, जे संस्कृतचे कवीही होते. सारख्या नावाची गावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यांचा गोंधळ टाळायला हे सहा आकडे आले. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्राचा ४, पण गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचाही तोच, त्यामुळे ४ दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. पहिले तीन आकडे मिळून टपालाची वर्गवारी होते तो जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस. म्हणजे शेवटचा एक आकडा चुकला तरी पत्रिका शेजारच्या पोस्टात जाऊन पडते. एकाच जिल्ह्यात एका नावाच्या दोन वाड्या असतात, तालुका लिहा. परराज्यात जाणारा पत्ता इंग्रजीत लिहा, तिथल्या पोस्टमनला देवनागरी वाचता येईलच असं नाही. मागच्या बाजूला प्रेषकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे. पत्ता बदलला असेल तर पाकीट परत तरी येतं, आणि आपल्याला कळतं की या घरी फोन करायला हवा.

एक पत्रिका भरून, बंद करून पोस्टात तोलून घ्या. साध्या पत्राचं तिकीट वजनावर ठरतं, ठरलेल्या वजनाच्या वर गेलं की तिकीट वाढतं. हल्लीच्या जाड, दोन-तीन पानी पत्रिका सहज वर जातात. तिकीट कमी पडलं की पत्र नॉटपेड होतं, म्हणजे कमी पडलेले पैसे घेणाऱ्याकडून मागितले जातात. लग्नाला बोलावून दारात पैसे मागायचे, शोभतं का?

मुलाकडच्या आणि मुलीकडच्या पत्रिकांचे गठ्ठे वेगळ्या पिशव्यांत. हाती द्यायच्या, पोस्टाच्या, कुरिअरच्या, तेही वेगळे. हाती द्यायची पाकिटं चिकटवू नका, अक्षता आत टाकायच्या असतात. दिली की यादीवर बरोबरची खूण आणि कुणी दिली त्याचं आद्याक्षर, नाहीतर एका घरी दोन जातात आणि एका घरी एकही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलात तरी मोठ्यांना फोन करा. फोटोत पाकीट दिसत असेल तर त्यावरचं नाव त्यांचंच आहे ना ते बघून पाठवा, दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फिरवू नका.

गठ्ठा घराबाहेर पडायच्या आदल्या रात्री पाकिटं आणि यादी पुन्हा एकदा समोरासमोर धरा. एकाने पाकीट वाचायचं, दुसऱ्याने पेन्सिलीची खूण बघायची. साडेतीनशे पाकिटांना तास-दीड तास लागतो. हा तास काढा. लिहून मार्चमध्ये ठेवलेली पाकिटं मे महिन्यात बाहेर पडणार असतील तर मधल्या दिवसांतही माणसं जातात.

उरलेली पाकिटं आणि पेन लग्नाच्या दोन दिवस आधीपर्यंत हाताशी ठेवा, कोणी ना कोणी राहिलेलं असतंच. त्यांचं पाकीट लिहायच्या आधीही आईला हाक मारा.