शरदात शेतावर एक दिवस: मुलांना घेऊन बियांच्या मागावर

शरद ऋतूत मुलांसोबत काय करावं, हे मोबाइलवर शोधलं की गळालेली लाल-पिवळी पानं गोळा करा, कागदावर चिकटवा, असलेच उपक्रम पुढे येतात. ते थंड देशांचे. आपल्याकडे आश्विन-कार्तिकात झाडं हिरवीगार असतात. साग-पळसाची पानं गळायला शिशिर यावा लागतो. आपला शरद बियांचा. चार महिने पाऊस पिऊन वाढलेलं गवतसुद्धा आता बी धरतं आणि ते लांब पोचवायच्या खटपटीला लागतं. म्हणून मावळातल्या आमच्या शेतावर या दिवसांत कुटुंबं येतात तेव्हा सगळा दिवस आम्ही बियांभोवतीच फिरवतो. तुम्ही कुठल्याही कृषी पर्यटन केंद्रावर किंवा नातेवाइकांच्या शेतावर जा, हे करता येईल.

आधी फोन, मग तारीख

सुट्टी बघून तारीख ठरवू नका, पीक बघून ठरवा. शेतकऱ्याला सरळ विचारा: भुईमूग काढायला झाला का? भात कापणीला कधी येईल? खरिपाचा भुईमूग साधारण सप्टेंबर अखेरपासून निघतो, तर इंद्रायणी भात ऑक्टोबरच्या शेवटाला किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला कापतात. दोन्ही एका दिवशी हवं असेल तर भुईमुगाची एखादी ओळ मागे ठेवायला सांगा. भाताच्या आठ-दहा पेंढ्याही दोन-तीन दिवस आधी कापून वाळत ठेवायला सांगा. ओल्या पेंढीतून दाणे नीट झडत नाहीत.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम) आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. घाबरायचं कारण नाही, पण कापणीच्या दिवसांत उंदीर असतात आणि त्यांच्यामागे घोणस असते. पायात गमबूट किंवा बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. पेंढ्यांच्या ढिगात मुलांनी हात घालायचा नाही, आधी मोठ्यांनी काठीने ढीग हलवायचा. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, लेप्टोची (उंदरांच्या मुत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. काही झालंच तर १०८.

सातच्या आत शेतावर

पहिल्या वर्षी आम्ही नाश्ता करून दहाला सुरुवात केली. अकरा वाजेपर्यंत सगळी पोरं लालबुंद होऊन आंब्याखाली बसली होती. ऑक्टोबरचं ऊन कुणाची गय करत नाही. तेव्हापासून पहाटे निघायचं आणि साडेदहाला सावलीत यायचं, हा आमचा नियम.

लवकर येण्याचा आणखी एक फायदा म्हणजे दव. बांधावरचं एकेक जाळं मोत्यांचं दिसतं. मधोमध पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी असलेलं जाळं कुणाला आधी सापडतं, अशी पैज लावा. हात लावायचा नाही, एवढंच.

भुईमूग उपटा

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण हे करा. शेंगदाणा झाडाला लागतो की मुळाला, हा प्रश्न आधी विचारा. मोठी माणसंही अडखळतात.

झाड बुडाशी, अगदी जमिनीलगत मुठीत धरून सरळ वर ओढायचं. माती कडक झाली असेल तर आधी कुदळीने बाजूची ढिली करून घ्या, नाहीतर झाड हातात आणि शेंगा जमिनीत. उपटल्यावर लगेच शेंगा तोडायला बसू नका. झाड उलटं धरा आणि आऱ्या शोधा. पिवळं फूल वर, उजेडात फुलतं; फळ धरलं की तिथून एक देठ खाली वाढत जातो, मातीत शिरतो आणि त्याच्या टोकाला शेंग पोसते. हा देठ म्हणजे आरी. जमिनीपर्यंत न पोचलेली एखादी आरी हटकून सापडते. ती दिसली की मुलांच्या डोक्यात सगळं एकदम जुळतं, समजावून सांगावं लागत नाही.

मग मुळांवरच्या बारीक गाठी बघा. त्यांत हवेतला नत्र धरून ठेवणारे जिवाणू राहतात. नखाने एक गाठ फोडा. आत गुलाबी असेल तर काम अजून चालू आहे. शेंग फोडून टरफलाची आतली बाजूही बघा: पांढरी असेल तर दाणा कोवळा, तपकिरी झाली असेल तर पक्का. शेतकरी काढणीची वेळ अशीच ठरवतात.

उपटून झाल्यावर मुलांच्या हातात खुरपी द्या आणि मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला लावा. अर्धा तास कुणी हलत नाही. वेचलेल्या शेंगा मीठ घालून तिथेच उकडा.

तेरडा आणि कुसळ

'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण म्हणतो. तेरड्याची खरी गंमत मात्र रंग गेल्यावर सुरू होते. बांधावर रानतेरड्याची फुगीर, लवदार बोंडं शोधा. बोटाने जरासं दाबलं की बोंड फटकन फुटतं, कवचाच्या पट्ट्या गुंडाळतात आणि बिया उडतात. पांढरं फडकं अंथरून बी किती लांब गेलं ते टेपने मोजा.

डोळ्यातल्या कुसळाची म्हण मुलांना पाठ असते, कुसळ पाहिलेलं नसतं. माळावर पिकलेलं कुसळी गवत ऑक्टोबर संपता संपता मिळतं. एक सुटं कुसळ घेऊन वाटीभर पाण्यात टाका आणि वाट बघा. त्याची पीळदार शेपटी उलगडत घड्याळाच्या काट्यासारखी फिरू लागते. रात्रीच्या दवाने उलगडायचं, दुपारच्या उन्हाने पुन्हा पीळ घ्यायचा, असं करत ते बी स्वतःला मातीत स्क्रूसारखं घुसवतं. टोक फार तीक्ष्ण असतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका.

गुंजेच्या लाल-काळ्या बिया दिसल्या तर दाखवा, पण गोळा करू देऊ नका. त्या विषारी असतात.

भात: कापा, झोडा, मोजा

दातेरी वैभव विळा दहा वर्षांवरच्या मुलाला द्यायचा, तोही शेजारी मोठं माणूस उभं राहून. लहानांनी पेंढी लाकडी फळीवर आपटून झोडावी. मग सुपातून दाणे वाऱ्यावर धरायचे: भरलेला दाणा पायाशी पडतो, पळंज, म्हणजे पोकळ दाणा, उडून जातं. वारा पडला असेल तर पंखा लावायचा मोह होईल. थोडं थांबा, वारा येतो.

आता हिशेब. एक चूड (एका जागी वाढलेला भाताचा झुबका) घ्या, लोंब्या मोजा, एका लोंबीतले दाणे मोजा आणि गुणाकार करा. दहा लोंब्या आणि प्रत्येकी सव्वाशे दाणे धरले तर साडेबाराशे दाणे झाले. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण सडून हातात येतो तो जेमतेम दीड मोठा चमचा तांदूळ. मग विचारा, आज जेवणात घेतलेल्या भाताला किती चूड लागले असतील? ज्या इंद्रायणीचा हा हिशेब चाललाय, तो वाणही इथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला.

घरी आल्यावर

तेरड्याच्या बिया कागदाच्या पुडीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पुडीवर गाव आणि तारीख मुलांकडूनच लिहून घ्या. जूनमध्ये पहिल्या पावसाला पेरायच्या. गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफससारखे ताप येतात, म्हणून आल्या आल्या सगळ्यांनी अंघोळ करायची. आणि कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी मोजे उलटे करून बघा. एक तरी कुसळ अडकलेलं असतंच, आणि पाणी मिळालं की ते काय करतं ते तुम्ही सकाळीच पाहिलंय.