मॅस्टोडॉनवर माझ्या पोस्ट कुणालाच का दिसत नव्हत्या

पुण्यातल्या पाषाण तलावावर पहाटे जाऊन काढलेले पक्ष्यांचे फोटो मी मॅस्टोडॉनवर, म्हणजे अनेक वेगवेगळे सर्व्हर जोडून चालणाऱ्या सोशल नेटवर्कवर, टाकू लागलो. तीन आठवडे एकही प्रतिसाद नाही. फार वाईट वाटलं. इथे मराठी माणसंच नसावीत, असं ठरवून टाकलं होतं.

मग एकेक गोष्ट बदलून पाहिली. पोस्टची वेळ बदलली, काही फरक नाही. हळूहळू कळलं की इथल्या मुख्य फीडमध्ये पोस्ट वेळेच्या क्रमानेच येतात, अनोळखी माणसासमोर तुमचा फोटो आपोआप जात नाही. तो जातो हॅशटॅगमुळे, कुणी बूस्ट केल्यामुळे (म्हणजे पुढे शेअर केल्यामुळे), किंवा सगळ्यांच्या पोस्ट दिसणाऱ्या सार्वजनिक फीडमधून. आणि माझा हॅशटॅगच चुकत होता! '#पक्षी निरीक्षण' असं जागा सोडून लिहिलं की टॅग '#पक्षी'वरच तुटतो. '#पक्षीनिरीक्षण' असं जोडूनच लिहायला हवं.

त्याहून मोठी चूक भाषेची. पोस्ट लिहिण्याच्या चौकटीत भाषा निवडता येते, माझी इंग्रजीच राहिली होती. सार्वजनिक फीडमध्ये फक्त मराठी पोस्ट दिसाव्यात असं ज्यांनी सेटिंगमध्ये ठरवलंय, त्यांच्यापर्यंत मी पोचतच नव्हतो. ज्यांच्यासाठी लिहीत होतो, नेमके तेच वगळले जात होते. भाषा मराठी केली, जुन्या पोस्टही एडिट करून बदलल्या.

चौथ्या दिवशी खंड्याच्या फोटोखाली पहिला प्रतिसाद आला: "हा कुठल्या बाजूला दिसला?" दुसऱ्याच सर्व्हरवरच्या एका काकांचा. त्यांचा मॅस्टोडॉनवरचा पूर्ण पत्ता (खात्याचं नाव आणि सर्व्हर मिळून) शोधचौकटीत टाकून लगेच फॉलो केलं. आता रविवारी आम्ही एकमेकांच्या नोंदी ताडून पाहतो.